अधिक मास नसलेले वर्ष

पंचांगाच्या पानावर शुद्ध प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या रकान्यात 'चंद्रदर्शन' असा शब्द असतो, आणि त्याच्या लगत अथवा दुसऱ्या दिवशीच्या ओळीत 'मोहरम', 'सफर', 'रबिलावल' असे एखाद्या मुसलमानी महिन्याचे नाव बारीक अक्षरांत छापलेले आढळते. देवळातील पुजारी, पुराणिक, महाजन त्या पानावरून रोज बोट फिरवितात. एकादशी पाहतात, प्रदोष पाहतात, संकष्टीचा चंद्रोदय पाहतात. या नावावर मात्र बोट क्वचितच थांबते. थांबलेच तर मनात एक प्रश्न उभा राहतो. गणेशचतुर्थी दरसाल थोडी मागेपुढे होते, परंतु पावसाळा सोडून कधी वैशाखाच्या उन्हात गेली नाही. मग रमजान कधी थंडीत, कधी आंब्याच्या दिवसांत, तर कधी भर पावसात कसा काय येतो?

पुष्कळांची समजूत अशी आहे की, त्या समाजापाशी ज्योतिषगणित नव्हते म्हणून असे झाले. ही समजूत खरी नव्हे. इ. स. १०७९ मध्ये मलिकशहा सेल्जुकाच्या पदरी उमर खय्याम आदी ज्योतिषांनी जे जलाली नावाचे सौर वर्ष सिद्ध केले, ते युरोपातील तत्कालीन वर्षमानापेक्षा अधिक सूक्ष्म होते. गणित होते, धर्माच्या वर्षासाठी ते जाणूनबुजून बाजूस ठेवण्यात आले. का ठेवण्यात आले, हे शोधू गेल्यास इस्लामच्या श्रद्धेचा आणि आचाराचा गाभाच हाती येतो, असे आम्हांस वाटते. शिवाय हा प्रश्न केवळ शेजाऱ्याच्या घरचा नाही. आमच्या देवस्थानांच्या सनदा, इनामपत्रे आणि महजर ज्या कालगणनेत लिहिलेले आहेत, ती त्याच निर्णयाच्या पोटी जन्मास आली आहे. ज्यांना वतनाचे जुने कागद वाचावे लागतात, त्यांना तर हे प्रकरण टाळताच येत नाही.

प्रथम गणित पाहू. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष सव्वातीनशेपासष्ट दिवसांचे. दरसाल सुमारे अकरा दिवसांची तूट पडते. आमच्या पूर्वजांनी ती तूट साचू दिली आणि एक महिन्याएवढी झाली की एक अधिक मास धरून फेडून टाकली. ही फेड सरासरीने ३२ महिने, १६ दिवस आणि ४ घटकांनी येते, असा पंचांगकर्त्यांचा जुना हिशेब आहे. शके १९४५ मध्ये श्रावण अधिक होता, शके १९४८ मध्ये ज्येष्ठाची पाळी आली. मुसलमानी वर्षात ही फेड नाही. तूट साचतच जाते आणि अखेर एक सबंध वर्षाएवढी होते. त्याला लागतात सुमारे साडेबत्तीस वर्षे. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. साडेबत्तीस सौरमासांत साडेतेहेतीस चांद्रमास बसतात, म्हणून आम्ही एक महिना वाढविला. साडेबत्तीस सौरवर्षांत साडेतेहेतीस चांद्रवर्षे बसतात, म्हणून त्यांचे एक वर्ष वाढले. चंद्र एकच, सूर्य एकच, प्रमाणही एकच. इ. स. १९९७ साली रमजानाचा आरंभ एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी झाला. तसाच योग २०३० साली यावयाचा आहे. कुराणातील गुहेत निजलेल्या तरुणांच्या कथेत त्यांच्या निद्रेचा काळ तीनशे वर्षे आणि वर नऊ असा सांगितला आहे. तीनशे सौर वर्षांची तीनशे नऊ चांद्रवर्षे होतात, म्हणूनच हे असे सांगितले, असे कित्येक भाष्यकार म्हणतात. तेव्हा अंतराची जाणीव नव्हती, असे म्हणण्यास जागा राहत नाही.

इस्लामपूर्व अरबस्तानात हे वर्ष असे मोकळे सोडलेले नव्हते. महिन्यांची नावेच त्याची साक्ष देतात. रबी म्हणजे वसंत. जमादी या नावात गोठण्याचा अर्थ आहे. रमजान शब्दाच्या मुळाशी तापलेल्या जमिनीचा दाह आहे. ही नावे ठेवली गेली तेव्हा ते महिने त्या त्या ऋतूंत येत असले पाहिजेत. बारांपैकी चार महिने पवित्र मानले जात. जिल्काद, जिल्हेज आणि मोहरम हे लागोपाठचे तीन, आणि एकटा रज्जब. या महिन्यांत युद्ध व सूड वर्ज्य असे. मक्केची यात्रा आणि तिच्या आसपास भरणारे उकाजसारखे बाजार याच शांततेच्या आश्रयाने चालत. परंतु लागोपाठ तीन महिने तलवार म्यान करून बसणे टोळ्यांना जड जाई. तेव्हा किनाना टोळीतील एका घराण्याचा माणूस यात्रेच्या शेवटी उभा राहून जाहीर करी की, यंदा मोहरम पवित्र नाही, त्याचे पावित्र्य सफर महिन्याकडे सरकविले आहे. या सरकविण्याला 'नसी' म्हणत. नसी म्हणजे केवळ पावित्र्याची अदलाबदल की खराखुरा अधिक मास, याविषयी विद्वानांत दोन पक्ष आहेत. अल्बेरूनी दुसऱ्या पक्षाचा होता. अरबांनी ही युक्ती यहुद्यांपासून उचलली, असे त्याने लिहिले आहे. हाच अल्बेरूनी पुढे हिंदुस्थानाविषयी ग्रंथ लिहिताना आमच्या अधिमासाची चर्चा करतो, आणि ती तुच्छतेने नव्हे, तर गणितज्ञाच्या आस्थेने करतो.

महंमद पैगंबरांचा जन्म मक्केत इ. स. ५७० च्या सुमाराचा; उपदेशास आरंभ ६१० च्या सुमारास; मक्केच्या सावकारांशी व पुजाऱ्यांशी विरोध वाढल्यावर ६२२ मध्ये मदिनेस प्रयाण. यालाच हिजरत म्हणतात. ६३० मध्ये मक्का त्यांच्या हाती आली. काबेच्या आवारातील मूर्ती काढून टाकण्यात आल्या. ६३२ मध्ये, मृत्यूपूर्वी अवघे तीन महिने, त्यांनी अखेरची यात्रा केली. त्या यात्रेतील प्रवचनात आणि कुराणाच्या नवव्या अध्यायात नसीचा निषेध आहे. वर्षाचे महिने बाराच, आणि ते ईश्वराने सृष्टीच्या आरंभी ठरविलेले; त्यांत मनुष्याने फेरफार करणे म्हणजे अश्रद्धेत भर टाकणे होय, असा त्या वचनांचा आशय आहे. बारा म्हणजे बाराच. तेरावा कधीही नाही.

आम्ही कायद्याच्या व्यवसायातील माणसे असल्यामुळे आम्हांस येथे प्रश्न दिसतो तो अधिकाराचा. आमचा अधिक मास कोणी माणूस जाहीर करीत नाही. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक, असा आकाशाचा नियम आहे, आणि जोशी फक्त तो वाचून सांगतो. अरबस्तानात मात्र एका घराण्याचा माणूस उठून पवित्राला अपवित्र आणि अपवित्राला पवित्र ठरवीत असे. विधी आणि निषेध ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होता. इस्लामचे उत्तर ठाम आहे. तो अधिकार एका ईश्वराचा. दुसरा कोणी त्यात हात घालील तर तो ईश्वराचा भागीदार होऊ पाहतो, आणि ईश्वराला भागीदार जोडणे, ज्याला 'शिर्क' म्हणतात, यापरते पाप त्या धर्मात नाही.

येथे त्या श्रद्धेचे स्वरूप स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ईश्वर एक; त्याला जन्म नाही, अपत्य नाही, रूप नाही; महंमद त्याचे प्रेषित. एवढे मनोभावे उच्चारले की मनुष्य मुसलमान होतो. त्यासाठी संस्कार करणाऱ्या आचार्याची गरज नाही. देवदूतांवर, प्रेषितांवर, त्यांना मिळालेल्या ग्रंथांवर, अंतिम न्यायाच्या दिवसावर आणि ईश्वरी नियतीवर विश्वास, ही या श्रद्धेची इतर अंगे होत. इब्राहीम, मूसा आणि ईसा हे यहुदी व ख्रिस्ती यांना पूज्य असलेले पुरुष येथेही प्रेषित म्हणून मान्य आहेत. महंमद त्या मालिकेतील शेवटचे. आम्ही मूर्तिपूजक आहोत. प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीत देवतेचे सान्निध्य मानणे हा आमच्या देवळांचा पाया आहे. या बाबतीत दोन्ही धर्मांत जो भेद आहे तो खरा आहे, खोल आहे, आणि 'शेवटी सगळे एकच' असे गुळमुळीत बोलून तो मिटत नाही. भेद झाकून समजूत वाढते, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

आता आचाराकडे वळू. तेथे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. वर्ष चंद्राच्या हाती दिले असले तरी दिवस सूर्याच्या हाती आहे. पाच नमाजांच्या वेळा सूर्यावरून ठरतात. पहाट फुटल्यापासून सूर्योदयापूर्वीपर्यंत फजर, सूर्य माथ्यावरून कलला की जुहर, छाया लांबली की असर, सूर्यास्तानंतर मगरिब, संध्याप्रकाश विरला की इशा. दोन, चार, चार, तीन, चार अशा या सक्तीच्या सतरा रकाती. प्रत्येक रकातीत उभे राहून पठण, वाकणे आणि दोनदा भूमीला मस्तक टेकणे. आमच्या त्रिकाल संध्येची आठवण वाचकांस येईल. परंतु एक फरक असा की, ज्या क्षणी सूर्य उगवत असतो, अगदी माथ्यावर असतो किंवा मावळत असतो, नेमक्या त्या क्षणी नमाज वर्ज्य आहे. आमच्या ब्राह्मणाने अर्घ्य देण्याचा जो काळ, तोच तेथे टाळण्याचा! कारण उघड आहे: सूर्य हे घड्याळ, उपास्य नव्हे, आणि पाहणाऱ्याचाही तसा समज होता कामा नये.

दिशेचेही तसेच. मदिनेस गेल्यावर सोळा-सतरा महिने नमाज जेरुसलेमकडे तोंड करून होई, इ. स. ६२४ मध्ये ती दिशा बदलून मक्केतील काबेची झाली. त्याच ओघात कुराणात असेही बजावले आहे की, तोंड पूर्वेला की पश्चिमेला, यात पुण्य नाही. पुण्य श्रद्धेत, दानात, वचन पाळण्यात आहे. गोमंतकातून मक्का पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे पडते. पूर्वाभिमुख देवळात देवासमोर हात जोडून उभा राहिलेला भाविकही पश्चिमेकडेच तोंड करून उभा असतो. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करावयाचे नाही.

असरच्या वेळेविषयी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या वाचकांस रोचक वाटेल. शाफई पंथाच्या मते वस्तूची छाया, माध्यान्हीची छाया वगळून, वस्तूएवढी झाली की असर लागतो. हनफी पंथाचा प्रचलित दंडक दुप्पट छायेचा आहे. उत्तर हिंदुस्थान व दख्खनचे पठार येथील बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत. कोकणी मुसलमान व भटकळचे नवायत शाफई आहेत. याचे कारण त्यांचा धर्म खैबरखिंडीतून आला नाही, तो अरबी समुद्रावरील व्यापारी गलबतांतून आला. म्हणजे घाटाखाली व घाटावर दुपारची बांग वेगवेगळ्या वेळी होत असेल, तर त्यामागे हजार वर्षांचा सागरी इतिहास आहे.

सक्तीबरोबर सवलत, हा या आचारशास्त्राचा विशेष आहे. पाणी नसेल तर स्वच्छ मातीने हातमुखशुद्धी चालते. प्रवाशाला चार रकातींच्या जागी दोन पुरतात. उभे राहवत नसेल त्याने बसून, बसवत नसेल त्याने निजून नमाज करावी. आमच्या धर्मशास्त्रातील आपद्धर्म पाहिलेल्यास हे अपरिचित वाटणार नाही.

रोजाचा नियमही त्याच घडणीचा आहे. इ. स. ६२४ मध्ये रमजानचा उपवास सक्तीचा झाला. कुराण प्रथम याच महिन्यात अवतरले, अशी श्रद्धा आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी व स्त्रीपुरुषसंग वर्ज्य. आजारी, प्रवासी, गर्भवती, अंगावर पाजणारी, रजस्वला यांना सूट. मात्र चुकलेले दिवस पुढे भरून काढावयाचे. ज्याला वार्धक्यामुळे ते कधीच शक्य नाही त्याने गरिबाला जेवू घालावे. विसरून कोणी पाणी प्याला तर रोजा मोडत नाही. आता अधिक मास नसल्याचा परिणाम पाहा. रमजान एकाच ऋतूला जखडलेला असता, तर विषुववृत्ताच्या एका बाजूच्या लोकांना कायमचे लहान दिवस आणि दुसऱ्या बाजूच्यांना कायमचे मोठे दिवस वाट्याला आले असते. फिरत्या वर्षात ते होत नाही. वयात आल्यापासून तेहेतीस-चौतीस रमजान पाळलेल्या मनुष्याने प्रत्येक ऋतूतील तहान अनुभवलेली असते. हा हेतू मूळ निषेधामागे होता, असे आम्ही म्हणत नाही. पण परिणाम न्याय्य झाला, हे मान्य केले पाहिजे.

महिन्याचा आरंभ मात्र गणिताने नव्हे, डोळ्यांनी ठरतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली तर दुसऱ्या दिवशी नवा महिना. न दिसली तर तीस पूर्ण करावयाचे. वकिलाचे मन येथे रमल्यावाचून राहत नाही, कारण हे सारे पुराव्याच्या कायद्याचे प्रकरण आहे. आभाळ भरलेले असता रमजान लागल्याचा निर्णय एका विश्वासू साक्षीदाराच्या शब्दावर देता येतो. परंतु रमजान संपल्याचा, म्हणजे ईदेचा, निर्णय द्यावयाचा तर दोन साक्षीदार लागतात. यातील तर्क सरळ आहे. जो साक्षीदार स्वतःवर उपवासाचा भार ओढवून घेतो त्याच्या सांगण्यात स्वार्थ नाही. जो भार उतरवू पाहतो त्याची साक्ष अधिक कसून घेतली पाहिजे. आणि हनफी मताप्रमाणे आकाश निरभ्र असेल तर एकदोघांचे सांगणे पुरत नाही, मोठ्या समुदायाने चंद्र पाहिलेला असला पाहिजे. निरभ्र आकाशात एकट्यालाच चंद्र दिसतो, ही गोष्ट कोणत्या न्यायाधीशाला पटेल?

एका गावचा चंद्र दुसऱ्या गावाला लागू की नाही, याविषयीही पंथापंथांत मतभेद आहेत, आणि केरळात कधी कधी ईद उर्वरित देशाच्या एक दिवस आधी होते ती यामुळेच. रमजान पावसाळ्यात आला की कोकणात काजी आणि ढग यांची परीक्षा होते. तार आली, आकाशवाणी आली, तेव्हा दूरच्या बातमीला साक्ष मानावे काय, असा नवा वाद निघाला. आज चंद्राचे स्थान विपळापर्यंत आधी सांगता येते, तरी हा वाद मिटलेला नाही. दृक्पंचांग की ग्रहलाघवी, या वादात ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या त्या आमच्या जोशीबुवांनी यावर हसण्याचे कारण नाही.

जकातीविषयी थोडक्यात सांगतो. दोनशे दिरहम रुपे किंवा वीस दिनार सोने एवढे किंवा त्याहून अधिक धन एक पूर्ण वर्ष पदरी राहिले की त्याचा चाळिसावा हिस्सा द्यावयाचा. ही भिक्षा नव्हे, धनावरील हक्काचा बोजा आहे; घेणाऱ्यांचे आठ वर्गही कुराणात नेमून दिले आहेत. त्यांत गरीब, कर्जबाजारी, वाटसरू आणि दास्यातून सुटू पाहणारा येतात. मशीद बांधण्यास जकात वापरता येत नाही, असे बहुसंख्य शास्त्री मानतात, हे ऐकून आमच्या देवस्थान समित्यांना आश्चर्य वाटेल. हे वर्ष चांद्र धरावयाचे. म्हणून बत्तीस-तेहेतीस सौर वर्षांत धनिकाला एक जकात जादा द्यावी लागते. परंतु शेताच्या पिकाला हा नियम नाही! पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा, मोटेने शिंपलेल्याचा विसावा हिस्सा, आणि तो सुगीच्या वेळी. धान्य चंद्राकडे पाहून पिकत नाही, हे शास्त्रकारांना ठाऊक होते. पुढे राज्यकर्त्यांना जी अडचण आली तिची किल्ली या एका अपवादातच होती.

त्यापूर्वी यात्रा. ऐपत असेल आणि वाट सुरक्षित असेल त्याने जन्मात एकदा हज करावी. जिल्हेजच्या आठव्यापासून बाराव्या-तेराव्यापर्यंत तिचा विधी चालतो. नववीस अराफातच्या मैदानात उभे राहणे हा तिचा प्राण. पुरुषाच्या अंगावर न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे असतात. शिवलेले वस्त्र देवकार्यात वर्ज्य मानणाऱ्या आमच्या सोवळ्याशी हे किती जवळचे! काबेभोवती सात फेऱ्या असतात, पण त्या डाव्या हाताने. आमची प्रदक्षिणा उजवी.

आता, ही तिथी ऋतूंतून फिरते आणि समुद्रावरचे वारे मात्र फिरत नाहीत. शिडांची गलबते सुरतेहून वा दाभोळहून तांबड्या समुद्राकडे ईशान्येच्या मोसमी वाऱ्यावर जात आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर, पावसाचा जोर ओसरता, परत येत. हजचा दिवस सोयीच्या काळात आला तर ठीक. नाही तर यात्रेकरूला कित्येक महिने मक्केत मुक्काम करावा लागे. त्यातच १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि अरबी समुद्रात परवान्यावाचून गलबत हाकणे धोक्याचे झाले. या परवान्याला कार्ताझ म्हणत. त्यावर मरियम व येशू यांची चित्रे असत. 'वाट सुरक्षित असेल तर' या अटीचा अर्थ काय, हा प्रश्न मग पुस्तकी राहिला नाही. अकबराच्या दरबारातील मखदूम-उल्-मुल्क या शास्त्र्याने असा फतवा दिल्याचे बदायूनीने नमूद केले आहे की, खुष्कीच्या वाटेवर शिया राज्य आणि समुद्रावर चित्रांकित परवाना, तेव्हा हिंदुस्थानच्या मुसलमानावर हज बंधनकारक राहिलेली नाही. बदायूनीला हा फतवा म्हणजे पळवाट वाटली. आम्हांस तो अगदीच टाकाऊ वाटत नाही. सक्तीची अट पुरी होत नसेल तर सक्ती उरत नाही, हे सूत्र निर्दोष आहे. बादशहाने मात्र तो मनावर घेतला नाही. १५७५ मध्ये त्याची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली. पोर्तुगीजांशी बोलणे होईपर्यंत तिचा काफिला सुरतेस सुमारे वर्षभर खोळंबला. ती १५८२ साली परतली.

याच काळात गोमंतकात काय चालले होते ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. १५६० च्या दशकात साष्टीतील देवालये पाडली जात असता महाजनांनी रात्रीच्या वेळी देव उचलून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडे महालात, नेले. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. फोंड्याची साफा मशीद १५६० ची. तिच्या तळ्यापासून थोड्याच अंतरावर आमची दैवते नव्या जागी स्थिर झाली. आदिलशाहीला आम्ही सहिष्णुतेचे प्रमाणपत्र लिहून देत नाही, तिचे इतर मुलखांतील वर्तन आम्हांस ठाऊक आहे. पण खाडीच्या अलीकडे देव राहू शकत नव्हते आणि पलीकडे राहू शकत होते, हा इतिहास आहे. आणि त्या राज्याचे कारभारी कागदावर जे साल घालीत, तेच साल मागाहून मराठी कागदांतही आले.

ते साल कोणते? धर्माचे चांद्र वर्ष सारावसुलीला निरुपयोगी होते. सारा पिकावर, पीक ऋतूवर. आणि हिजरी वर्ष दर तेहेतीस वर्षांनी एक वर्ष पुढे धावणार. रयतेकडून जमिनीच्या बत्तीस पिकांत तेहेतीस वर्षांचा सारा कसा मागावयाचा? धर्माला हात न लावता राज्यकर्त्यांनी दुसरे वर्ष काढले. हिजरीचा चालू आकडा एकदा घेतला आणि तेथून पुढे त्याला सूर्याच्या चालीने चालविले. अकबराने फसली सन काढला तो असा. दख्खनमध्ये फसली शहाजहानच्या वेळी १६३६ पासून धरला जातो, आणि हैदराबादच्या वाचकांना तो आजोबांच्या कागदांवर अद्याप दिसत असेल. या दोहोंहून जुना शुहूर सन. हिजरी ७४५, म्हणजे इ. स. १३४४, हे त्याचे मूळ. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचे वर्ष पालटते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. मृगाचा पाऊस आणि पेरणी यांच्याशी बांधलेले, पण आकड्याने अरबी. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो.

हा आकडा मराठी कागदांत अंकांनी न लिहिता अरबी शब्दांनी लिहीत: इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, पुढे अशरीन, सलासीन, शंभराला मया, हजाराला अलफ. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तरी त्या वर्षीच्या कारभारी कागदांत 'खमस सबैन व अलफ', म्हणजे १०७५, हे साल चालूच राहिले. पेशवाईच्या अखेरपर्यंत ते चालले. देवळाच्या नंदादीपाच्या तेलाची सनद, पुजाऱ्याचे इनाम, गावच्या सीमेचा महजर, यांवर हेच साल. संस्कृत मायन्याखाली अरबी आकडे आहेत आणि ते वाचताना कोणाला विटाळ झाला नाही.

एक गुंतागुंत मात्र ध्यानात ठेवावी लागते. साल शुहूर म्हणजे सौर, परंतु महिना आणि तारीख बहुधा 'छ' या अक्षराने, म्हणजे चंद्राची, हिजरी महिन्याची, दिलेली असते. सौर साल अकरा दिवसांनी मोठे. म्हणून एकाच शुहूर सालात काही चांद्र तारखा दोनदा येतात, एकदा सालाच्या आरंभी आणि एकदा शेवटी.  'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१, हे साल घ्या. त्या सालात 'छ २५ सवाल' ही तारीख दोनदा येते. पहिल्यांदा जून १७६० च्या पूर्वार्धात, जेव्हा भाऊसाहेबांची फौज चंबळेच्या आसपास होती आणि पुण्यात विजयाची वाट पाहिली जात होती. दुसऱ्यांदा मे १७६१ च्या अखेरीस, जेव्हा पानिपत होऊन साडेचार महिने लोटले होते आणि नानासाहेब पेशवे यांच्या मृत्यूला महिनाही उरला नव्हता. त्या तारखेचे एखादे सुटे पत्र हाती आले, त्यावर वार नसला आणि मजकुरात घरखर्चाखेरीज काही नसले, तर ते कोणत्या सवालचे हे शाईच्या रंगावरून कळत नाही. वार असला तर तो ताडून पाहावा. नसला तर पत्रात कोणाचे नाव जिवंत माणसासारखे आले आहे, ते पाहावे.